पॅकअपनंतरचा हिशेब : फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजची वाटचाल

मुंबईच्या गिरणी कामगाराला आपला मालक कोण हे ठाऊक असे. गिरणीचा दरवाजा ठरलेला, भोंगा ठरलेला, पगाराची तारीख ठरलेली. तंटा झालाच तर त्याच दरवाज्यावर सभा भरे. सिने कामगाराला असा दरवाजा कधी मिळालाच नाही. तो चार महिने एका निर्मात्याकडे राबतो, पुढचे तीन आठवडे दुसऱ्याकडे, मध्ये काही दिवस घरी बसतो आणि पुन्हा तिसऱ्याकडून निरोप येण्याची वाट पाहतो. चित्रपट पुरा झाला की सेट मोडतात, निर्मितीचे भाड्याचे ऑफिस उठते. राहिलेले पैसे मागायला जायचे कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईतल्या सिने कामगारांनी १९५६ साली एक छत्र उभे केले. त्याचे पूर्ण नाव फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज. सेटवर मात्र सगळे त्याला नुसते ‘फेडरेशन’ म्हणतात.

या संस्थेचा इतिहास म्हणजे संपांची यादी नव्हे. संप थोडे झाले आणि बहुतेक अल्पकाळ टिकले. खरा इतिहास आहे तो वाटाघाटींच्या टेबलावरचा: दर ठरवण्याचा, तास मोजण्याचा, थकबाकी वसूल करण्याचा. तो सांगण्यासाठी फेडरेशनच्या आधीच्या काळापासून सुरुवात करावी लागते.

स्टुडिओचा पगार सुटला तेव्हा

दादासाहेब फाळके यांच्या काळात सिनेमात काम करणे ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे बाहेर सांगा, असा सल्ला ते आपल्या माणसांना देत, ही आठवण प्रसिद्ध आहे. पुढे बोलपट आला आणि सिनेमाला खरोखरच कारखान्याचे रूप आले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात, मुंबईतली रणजित मूव्हिटोन, १९३४ ची बॉम्बे टॉकीज अशा कंपन्यांमध्ये नटापासून सुतारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर असत. पगार मोठा नव्हता आणि मालकाचा शब्द हाच कायदा होता. तरी महिना भरला की पैसे मिळत आणि मिळाले नाहीत तर विचारायला कंपनीचे ऑफिस जागेवर असे.

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी मोडली. काळ्या बाजारातला पैसा चित्रपटांकडे वळला, एकेका चित्रपटापुरते निर्माते पुढे आले, त्यांनी नामवंत नटांना मोठ्या रकमा देऊन कंपन्यांमधून बाहेर काढले. स्टुडिओ तगले ते जागा भाड्याने देऊन. केंद्र सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या विस्कटलेल्या धंद्याची नोंद केली. मोकळ्या बाजाराचा फायदा मोठ्या नटाला झाला. लाइटमन, सुतार, रंगारी, मेकअपमन, शिंपी, नृत्यातल्या मुली आणि गर्दीत उभे राहणारे ‘एक्स्ट्रा’ यांच्या वाट्याला मात्र रोजंदारी आली.

मालक तोवर संघटित झाले होते. इंडियन मोशन पिक्चर प्रोड्यूसर्स असोसिएशन, म्हणजे ‘इम्पा’, १९३७ पासून काम करत होती. १९५१ मध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली, १९५४ मध्ये निर्मात्यांचे गिल्ड आले. चित्रपटांच्या नावांची नोंदणी, कच्च्या फिल्मचा पुरवठा, सरकारशी बोलणी अशी कामे या संस्था करत. कामगारांच्या बाजूने बोलणारे मात्र विखुरलेले होते.

क्राफ्टची माळ

फेडरेशनची रचना पहिल्यापासून वेगळी आहे. कामगार थेट फेडरेशनचा सभासद होत नाही. तो आपल्या क्राफ्टच्या संघटनेचा सभासद होतो आणि ती संघटना फेडरेशनशी संलग्न असते. छायालेखक, संकलक, ध्वनिमुद्रक, वादक, नर्तक, वेशभूषा आणि मेकअपवाले, ज्युनियर आर्टिस्ट, महिला कलाकार, स्टंटवाले, सेटिंगचे मजदूर अशी प्रत्येकाची संघटना, तिची स्वतःची कमिटी आणि तिचे सभासदत्वाचे कार्ड. लेखक १९५४ पासून एकत्र येऊ लागले आणि १९६० मध्ये त्यांच्या संघटनेची १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंद झाली. स्टंट कलाकारांची संघटना १९५९ ची. अशा बावीस संघटना फेडरेशनच्या छत्राखाली बराच काळ होत्या. पुढे हा आकडा तिशीच्या पलीकडे गेला. दक्षिणेत चेन्नईला आणि पूर्वेत कोलकात्याला अशीच फेडरेशने उभी राहिली.

या रचनेचे मोल वादकांच्या उदाहरणात चांगले दिसते. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि स्वरलेखन करणारे कितीतरी जण गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावे. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. एकट्या वादकाने संगीतकाराकडे किंवा निर्मात्याकडे जाऊन दर मागितला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दुसरा कोणी बसला असता. संघटनेने प्रतवारी आणि तिच्याप्रमाणे दर ठरवला, तेव्हा घासाघीस करण्याची पाळी त्याच्यावरून टळली. कलावंताला आपल्या पैशांविषयी स्वतः बोलण्याचा संकोच असतो. संघटना त्याच्यासाठी बोलते.

थकबाकीची तक्रार कशी चालते हेही नोंदवून ठेवावे. कामगार आपल्या क्राफ्टच्या ऑफिसात लेखी तक्रार देतो. क्राफ्ट निर्मात्याला पत्र पाठवते आणि त्याच्या संघटनेलाही कळवते. मग दोन्ही बाजूंची संयुक्त बैठक बसते, व्हाउचर आणि शिफ्टचे दिवस ताडून पाहिले जातात. बहुतेक तंटे येथेच मिटतात. निर्माता बधला नाहीच, तर फेडरेशन ‘असहकारा’चे पत्र काढते आणि ते सर्व संलग्न संघटनांना जाते. सेटवरच्या सुताराचे पैसे अडले असतील तर कॅमेऱ्यामागचा माणूसही त्या निर्मात्याकडे उभा राहत नाही. सुतार एकटा काहीच थांबवू शकत नाही, कॅमेरा मात्र सारे थांबवू शकतो. ज्याच्या हाती जोर आहे त्याने ज्याच्या हाती तो नाही त्याच्यासाठी वापरायचा, हा या संस्थेचा पाया.

शिफ्ट संपते तेव्हा

वाटाघाटींत तासांवर इतका वेळ का जातो, हे सेट पाहिल्याशिवाय कळत नाही. कॉलशीटवर सकाळी नऊची वेळ असते तेव्हा स्पॉटदादा, सेटिंग आणि लाइटवाले त्याआधीच आलेले असतात. रात्री नऊला दिग्दर्शक ‘पॅकअप’ म्हणतो, कलाकार गाडीत बसून जातात, आणि लाइटमनचे काम तेव्हा पुन्हा सुरू होते. तापलेले दिवे निवेपर्यंत थांबायचे, स्टँड मिटायचे, जनरेटरपर्यंत पसरलेली जाडजूड केबल हातावर गुंडाळत आणायची, सारा माल मोजून टेम्पोत चढवायचा. प्रॉडक्शनच्या माणसाकडे व्हाउचरवर सही करून तो फिल्मसिटीच्या फाटकाबाहेर पडतो तोवर गोरेगावची बस मिळण्याची शाश्वती उरलेली नसते. विरार किंवा कल्याणला पोचायला मध्यरात्र उलटते आणि सकाळचा कॉल पुन्हा तोच असतो.

म्हणून करारात ‘कन्व्हेअन्स’चे कलम लागते. म्हणूनच ओव्हरटाइम कधीपासून मोजायचा, दोन शिफ्टमध्ये किती तासांचा खंड हवा, जेवणाची सुट्टी किती वाजता झाली पाहिजे, रात्री उशिरा सुटलेल्या महिलांना घरी सोडण्याची जबाबदारी कोणाची, यांवर बैठकांमागून बैठका होतात. बाहेरच्याला ही किरकोळ कलमे वाटतील. रोजंदारीवर जगणाऱ्याचे सारे आयुष्य याच कलमांत असते.

कायदा आला, पण अर्धाच

सिने कामगारांसाठी स्वतंत्र कायदा हवा ही मागणी बरीच वर्षे चालली आणि १९८१ मध्ये संसदेने कायदे केले. सिने कामगार व चित्रपटगृह कामगार नोकरी नियमन कायद्याने ठरवले की लेखी करार केल्याशिवाय आणि त्याची सक्षम अधिकाऱ्याकडे नोंद केल्याशिवाय कोणाला चित्रपटात कामावर ठेवता येणार नाही. तंट्यांसाठी समेट अधिकारी आणि न्यायाधिकरणाची तरतूद झाली, भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. त्याच वर्षीच्या कल्याण निधी कायद्याने आजारपण आणि मुलांच्या शिक्षणासाठी मदतीची सोय केली. त्यासाठी प्रमाणपत्राला येणाऱ्या प्रत्येक कथापटावर उपकर बसवला गेला.

कामगारांच्या चळवळीचा हा मोठा विजय होता. त्याच्या मर्यादाही लवकरच ध्यानात आल्या. नोकरी नियमनाच्या कायद्यात महिना १६०० रुपये किंवा एकरकमी १५,००० रुपये अशी मेहनतान्याची कमाल मर्यादा होती. महागाई वाढली तशी माणसे कायद्याबाहेर पडू लागली. व्याख्या कथापटापुरती होती, त्यामुळे दूरदर्शनच्या मालिका त्यात बसत नव्हत्या. लेखी करार कागदावर राहिला आणि सेटवर तोंडी शब्दच चालू राहिला. कायदा हाताशी असूनही दर आणि तास ठरत राहिले ते फेडरेशन आणि निर्मात्यांच्या संघटना यांच्यातल्या समझोत्यांवर.

दोन्ही बाजू नेहमी समोरासमोरच उभ्या राहिल्या असेही नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये राज्य सरकारच्या करांविरुद्ध मुंबईची चित्रपटसृष्टी बंद झाली, तेव्हा निर्माते, कलावंत आणि कामगार एका बाजूला होते. धंदा बुडाला तर दरही बुडतात, याची जाण कामगारांना नेहमीच होती.

८ फेब्रुवारी १९८९ या दिवसाची नोंद जड मनाने करावी लागते. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या चित्रीकरणात आग लागली आणि ६२ माणसे गेली. बाहेर पडायला पुरेशा वाटा, आग विझवण्याची साधने, सेटवर वापरलेले ज्वालाग्राही सामान, प्रत्येक कामगाराचा विमा हे विषय त्यानंतर कोणालाही टाळता येण्याजोगे राहिले नाहीत. तरी आजही प्रत्येक करारात ते नव्याने मागावे लागतात, याचे दुःख वाटते.

रोजच्या मालिका आणि २००८

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, १९९२ मध्ये खासगी वाहिन्या आल्या आणि २००० नंतर रोज नवा भाग दाखवणाऱ्या मालिकांचे युग अवतरले. कामगाराला पहिल्यांदाच महिन्याला पंचवीस-सव्वीस दिवस काम मिळू लागले. ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की चित्रपटातली आठ तासांची शिफ्ट मालिकांच्या सेटवर बारा तासांची झाली आणि ‘उद्याचा भाग आज हवा’ या धाकात बाराचे चौदा-सोळा होऊ लागले. पैसे मात्र नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत पडली. तीन महिने स्वतःच्या खिशातून घर चालवू शकेल असा रोजंदारीवरचा माणूस कोठे असतो? वाहिनी निर्मात्याला उशिरा देते म्हणून निर्माता कामगाराला उशिरा देतो, आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला जो सर्वांत गरीब तोच सर्वांना उधार देतो, अशी ही उलटी व्यवस्था होती.

१ ऑक्टोबर २००८ रोजी फेडरेशनने काम बंद केले. सुमारे दीड लाख कामगारांच्या वतीने ही हाक होती. वेळेवर पैसे, कामाच्या तासांना मर्यादा, ठरलेले दर पाळणे या मागण्या होत्या. अनेक आघाडीच्या कलावंतांनी जाहीर पाठिंबा दिला, चित्रपट आणि मालिका दोन्हींचे चित्रीकरण थांबले आणि तीन दिवसांत आश्वासने मिळून काम सुरू झाले. आश्वासनांचे रूपांतर लेखी करारात होईना, तेव्हा नोव्हेंबरमध्ये मालिकांची सृष्टी पुन्हा ठप्प झाली. वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. पडद्यामागचा माणूस नसला तर पडद्यावर काहीच नसते, हे घरोघरच्या प्रेक्षकांना तेव्हा कळले. त्यातून पुढे २०१० मध्ये निर्मात्यांच्या संघटनांशी समझोता आकाराला आला. २०१५ आणि २०१७ मध्येही दर आणि आठ तासांच्या शिफ्टसाठी कामगारांना काम थांबवावे लागले.

दार उघडण्याचे दोन धडे

संघटनेचा इतिहास लिहिताना तिच्या बळाइतकेच तिच्या चुकांविषयीही सरळ बोलले पाहिजे.

मेकअपच्या क्राफ्टमध्ये अनेक वर्षे एक नियम होता: पुरुष मेकअप करतील, स्त्रिया केशरचना करतील. शिकलेल्या, हातात कला असलेल्या स्त्रीलाही मेकअप आर्टिस्टचे कार्ड मिळत नसे. शिवाय सभासदत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे राहण्याची अट होती. चारू खुराना विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ही बंधने घटनेच्या विरोधात ठरवून रद्द केली. पुरुषांच्या पोटाला धक्का लागू नये म्हणून हा नियम आहे, असे समर्थन तोवर केले जाई. पण ज्या संघटनेचा जन्म दुबळ्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठी झाला, तिने स्त्रियांना दारातच अडवणे हे तिच्या मूळ विचाराशी विसंगत होते. न्यायालयाने ते सांगावे लागले, ही खंत राहते; आज त्या कार्डावर स्त्रिया काम करतात, हे समाधान मोठे आहे.

दुसरा धडा भारतीय स्पर्धा आयोगाचा. निर्मात्याने फेडरेशनच्या सभासदांनाच घ्यावे, बिगरसभासद असला तर काम थांबवावे, यासाठी ‘व्हिजिलन्स’ पथके सेटवर जात. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयात आयोगाने अशा अटी आणि असा असहकार स्पर्धेला बाधक ठरवला आणि दंड न आकारता तो थांबवण्याचा आदेश दिला. अनेक कार्यकर्त्यांना हा निकाल जिव्हारी लागला. सभासदांच्या रोजगाराचे रक्षण कसे करायचे, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. तरी नव्या मुलाला कार्डासाठी हेलपाटे घालायला लावून संघटना मोठी होत नाही. तो सेटवर आला की आठवड्याच्या आत त्याला सभासद करून घेतले, तर बिगरसभासदाचा प्रश्नच उरत नाही.

करोनाची परीक्षा

१९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबवण्याचा निर्णय निर्मात्यांच्या संस्था आणि फेडरेशन यांनी मिळून घेतला. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरातली शिल्लक काही दिवसांतच संपली. या काळात क्राफ्टच्या याद्या उपयोगी पडल्या. कोण कोठे राहतो, कोणाचे कुटुंब किती, बँकेचे खाते कोणते हे कोणत्याही निर्मात्यापाशी लिहिलेले नव्हते, संघटनेपाशी होते. कलावंत आणि कंपन्यांनी दिलेली मदत याच याद्यांवरून थेट खात्यात गेली, शिधा घरपोच झाला. काम पुन्हा सुरू करण्याच्या बोलण्यांत करोनामुळे मृत्यू आल्यास ५० लाख रुपयांच्या विम्याचा आग्रह धरला गेला.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरणाला बंदी आली, तेव्हा हिंदी-मराठी मालिका गोवा, उंबरगाव, सिल्व्हासा, हैदराबादकडे वळल्या. गोव्यात साथ वाढल्यावर तिथलीही परवानगी मे महिन्यात मागे घेतली गेली. मोजक्या माणसांचे युनिट बाहेर गेले आणि मुंबईतला मोठा कामगारवर्ग घरीच राहिला. सेट कोठेही नेता येतो, कामगाराचे घर नेता येत नाही. राज्याच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या कामाचे नियम पुढच्या करारांत हवेत, हे त्या दिवसांनी शिकवले.

पुढचे टेबल

२०२३ मध्ये अमेरिकेत लेखकांचा संप १४८ दिवस आणि अभिनेत्यांचा ११८ दिवस चालला. तेथे सर्व मोठ्या स्टुडिओंच्या वतीने एकच संस्था वाटाघाटींना बसते आणि झालेला करार सर्वांना बांधतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर आणि अभिनेत्याची डिजिटल प्रतिकृती यांवरची कलमे या संपांनंतरच्या करारांत आली. आपल्याकडे निर्मात्यांच्या संघटना अनेक आहेत, शिवाय ओटीटी आणि वाहिन्या, ज्यांच्या हाती पैसा आहे, त्या बहुधा टेबलावर नसतातच. त्यांना टेबलावर आणणे हे येत्या काळातले सर्वांत मोठे काम आहे.

मराठी चित्रपटाचा विचारही वेगळा करावा लागेल. छोट्या बजेटच्या मराठी निर्मात्याला हिंदीचे दर पेलत नाहीत, ही अडचण खरी आहे. मराठी सेटवरच्या लाइटमनला भाजी स्वस्त मिळत नाही, हेही खरे आहे. दराचे टप्पे ठेवता येतील. वेळेवर पैसे, जेवण, विमा आणि विश्रांती यांत मात्र टप्पे असू नयेत.

हाती एक नवे साधनही आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये १९८१ चे कायदे विलीन झाले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतील ‘दृक्‌श्राव्य कामगार’ या व्याख्येत दूरचित्रवाणी, वेबमालिका, जाहिरात आणि अ‍ॅनिमेशनही येते. लेखी आणि नोंदणीकृत करार तेथेही बंधनकारक आहे. त्यात कामाचे स्वरूप, मेहनताना, तास, सुरक्षितता आणि तंटा सोडवण्याची पद्धत लिहिलेली असली पाहिजे. १९८१ मध्येही असा करार कायद्यात होता आणि तो सेटवर पोचला नाही. या वेळी तो पोचवण्याची जबाबदारी आपली आहे. प्रत्येक क्राफ्टने आपल्या कामाचा मराठी आणि हिंदी नमुना करार तयार करावा, नव्या सभासदाला कार्डाबरोबर तो समजावून द्यावा, आणि पहिल्या शिफ्टच्या आधी सही झाली की नाही याची चौकशी करण्यासाठी सेटवर जावे. पूर्वी कार्ड तपासायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी यापुढे करार तपासायला जावे. ज्यांनी १९५६ मध्ये सुतार आणि छायालेखक यांना एका माळेत ओवले, त्यांच्या कष्टांचे ऋण फेडण्याचा हा सर्वांत उपयुक्त मार्ग आहे.